जिथे मासा नाही तिथे जाळं

वाघनाला धरण वसाहत, ता. शिंदखेडा
४ नोव्हेंबर २०२४

गिरधर,

सहा वर्षं झाली, तुझा फोन मला 'व्यस्त' ऐकवतो. पाइपच्या कारखान्यात माणूस एवढा व्यस्त नसतो. परवा तुझ्या वहिनीच्या फोनवरून लावला, तर तुझ्या बायकोने, कामिनीने उचलला. "दादा, ते ड्युटीवर आहेत," म्हणाली आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र. पत्र ब्लॉक करता येत नाही.

कामाचं लिहितो. सोबत एक फॉर्म आहे. तो वाच, खाली तुझी सही कर आणि परत पाठव. एवढंच.

कशाचा फॉर्म ते सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी होडी विकतोय. धरणात मासा किती उरलाय ते मोजायचं ठरलंय. धुळ्याहून एक मॅडम येतात, वृषाली बिऱ्हाडे म्हणून. मूळच्या चाळीसगावच्या, मत्स्यशास्त्र शिकलेल्या. त्यांना तीन-चार महिन्यांसाठी होडी भाड्याने पाहिजे. मी विचारलं, सरकारची मोठी बोट आहे ना? तर ती शेडमध्ये तीन वर्षं पडून आहे, इंजिनात उंदरांनी घर केलंय. वर त्या म्हणाल्या, "तुम्ही ज्या होडीने धंदा करता तिनेच मोजलं तर उद्या आकडे तुमचे वाटतील." वसाहतीत इंजिन लावलेली धड होडी आपलीच. आणि ती आपल्या दोघांच्या नावावर, हे तुला ठाऊक आहेच. म्हणून तुझी सही.

फॉर्मची एक गंमत ऐक. तो समुद्रातल्या जहाजांसाठी छापलेला आहे. 'नोंदणीचे बंदर' असा रकाना आहे. मी दोंडाईचा लिहिलं. 'जहाजाचे नाव' या रकान्यात 'होडी' लिहिलं, तर फॉर्म परत आला. आता 'निनावी' लिहिलंय, ते चाललं. 'कप्तान' म्हणून माझं नाव आहे. हसू नकोस.

मागचं जे झालं ते झालं. सही कर.

निंबा

२२ नोव्हेंबर २०२४

गिरधर,

फॉर्म मिळाला. सही मिळाली. पाकीट तीनदा उलटंपालटं करून झटकलं, आत दुसरा कागद नव्हता. एक ओळ लिहायला तुझी शाई संपत होती का? तुझी वहिनी म्हणाली, "सही करी ना त्यानी? मंग तुम्हले आखो काय पायजे?" तिला काय सांगू.

बरं, होडी गेली भाड्याने आणि माझं डोकं गेलं कामातून.

या बाईने धरणाचा नकाशा आणला, त्यावर चौकोन आखले, चौकोनांचे नंबर लिहून चिठ्ठ्या केल्या आणि डब्यातून चाळीस चिठ्ठ्या काढल्या. त्या चाळीस जागी जाळं टाकायचं. मी तीस वर्षं या पाण्यावर आहे. मासा कुठे बसतो, कुठे चरतो, थंडीत कुठे सरकतो, सगळं मला माहीत. मला विचारायचं नाही. चिठ्ठीला विचारायचं!

पहिलीच चिठ्ठी निघाली भिंतीजवळची, दगडखाणीपुढची. आपला भिकन, तुझ्या वेळेलाही माझ्या होडीवर वल्ह्याला होता तोच, त्याने हात जोडले.

"मॅडम, तठे नुसतं पानी शे. मासा नही शे."

"नाही ना? मग ते वहीत यायला हवं."

"काय यायला हवं?"

"की तिथे मासा नाही."

भिकन माझ्याकडे बघायला लागला. मी इंजिन चालू केलं. सकाळी जाळं काढलं तर एक चिलापी आणि एक चप्पल. बाईने चिलापीची लांबी लिहिली, वजन लिहिलं. चप्पल बाजूला ठेवली. नशीब, ती नाही मोजली.

जाळंही तिचंच. एका दोरीला सात तुकडे, प्रत्येकाच्या आसाचं भोक वेगळं, अगदी बारीकपासून ते हात जाईल एवढं मोठं. दुपारी चारला टाकायचं, सकाळी साडेसातला ती दोंडाईच्याच्या भाड्याच्या खोलीवरून रिक्षाने आली की काढायचं. जिवंत मासा मोजून पाण्यात सोडायचा. हो, सोडायचा. परवा सहा किलोचा कटला लागला होता. तिने मोजला, त्याचा एक खवला चिमट्याने काढून पुडीत ठेवला आणि त्याला दोन्ही हातांनी अलगद पाण्यात ठेवला. भिकन दिवसभर त्याच जागी पाण्यात बघत होता.

आणि स्वतः ती मासे खात नाही. सांग आता.

निंबा

१५ डिसेंबर २०२४

गिरधर,

तू उत्तर देत नाहीस, तरी मी लिहितोय. हे मला स्वतःलाच आवडत नाही. पण इथे बोलायचं कोणाशी? भिकन रोज मोठ्या कटल्याची आठवण काढतो, तुझी वहिनी त्या मॅडमच्या बाजूची झालीय. मॅडमला सकाळी आपल्याकडे भाकरी आणि ठेचा मिळतो, "ताई" म्हणून हाक मिळते. मला माझ्याच घरात कप्तान म्हणून चिडवतात.

अकरा जागा झाल्या. सांगायचं नव्हतं, पण सांगतो. जिथे मासा नाही म्हणत होतो, तिथे नाही, हे बरोबर निघालं. पण जिथे मासा आहे म्हणत होतो, तिथेही फारसा नाही. नाल्याच्या तोंडाशी, जिथे पावसाळ्यात पाणी आत येतं तिथे, बाबा असताना जाळं दोघांनी ओढावं लागायचं. तिथली चिठ्ठी निघाली तेव्हा मी मॅडमला म्हणालो, आता बघा. जाळं एका हाताने आलं. बोटाएवढी चिलापी, सत्तर-ऐंशी. रोहू दोन. कटला नाही.

मॅडम लिहीत बसली. मीच म्हणालो, "थंडी फार आहे यंदा." ती म्हणाली, "असेल."

आपल्या मच्छीमार सोसायटीत कुरबूर सुरू आहे. जीवराम आबा अजून चेअरमन आहेत. त्यांचं म्हणणं, मासा कमी दिसला तर सरकार मासेमारी दोन वर्षं बंद करेल आणि चाळीस घरं बसतील. म्हणून मासा कमी दिसता कामा नये. 'दिसता' कामा नये, हा त्यांचा शब्द. मी म्हणालो, आबा, मोजल्यावर जे निघेल ते निघेल. तेव्हा आबा हसले.

तू म्हणशील, मी हेच सांगत होतो. म्हण. मला ऐकू येत नाही इथे.

निंबा

९ जानेवारी २०२५

गिरधर,

काम चार-आठ दिवस बंद आहे. इंजिन बिघडलंय. मॅडम धुळ्याला गेली. बाकी ठीक. वहिनीची तब्येत बरी आहे.

निंबा

२० जानेवारी २०२५

गिरधर,

इंजिन बिघडलेलं नव्हतं. इंजिनाला काही झालेलं नाही.

६ तारखेला दुपारी जीवराम आबा आणखी दोघांना घेऊन माझ्या ओट्यावर आले. चहा झाला. आबा म्हणाले, "निंबा, होडी तुझी. जाळं तू टाकतो, तू काढतो. दोन-चार ठिकाणी जरा बरा मासा लागला तर कोणाचं काय जातं?" मी नाही म्हणालो. खरंच म्हणालो, वहिनीला विचार, ती दारात उभी होती. मग आबांनी एकेका घराचं नाव घेतलं, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचं ऑपरेशन आहे. शेवटी म्हणाले, "एकदा तुझ्या घरातून एकाने सोसायटीचा गळा धरला होता. आता दुसऱ्याने धरू नये." ते ऐकून मी हो म्हणालो. मला राग आबांचा यायला हवा होता. आला तुझा.

दोंडाईच्याच्या बाजारातून बर्फातले बारा रोहू आणले. ८ तारखेला सकाळी, उजाडलं तसा, मॅडम यायच्या आत एकटाच गेलो आणि सतराव्या जागेच्या जाळ्यात एकेक मासा अडकवला. तीस वर्षं जाळ्यातून मासा काढला, अडकवायची पहिलीच वेळ. हाताला जमत नव्हतं. जाळ्यानेच दोनदा बोटं कापली.

साडेसातला मॅडम आली. जाळं वर आलं, तसा भिकन ओरडला, "अरे बाप रे, रोहू!" तो बिचारा खरा खूश झाला होता, त्याला काही माहीत नव्हतं. मॅडमने पहिला मासा हातात घेतला, कल्ला उघडून बघितला, पाठीवरून बोट फिरवलं. दुसरा घेतला. तिसरा घेतला. मग वही बंद केली आणि म्हणाली, "किनाऱ्याला चला."

किनाऱ्याला तिने भिकनला पाणी आणायला पाठवलं.

"निंबादादा, हा मासा दोन दिवसांपूर्वी मेलाय. जाळ्यात जिवंत शिरलेला मासा धडपडतो, त्याच्या अंगावर दोऱ्याचे वळ उठतात. बाराही माशांवर एक वळ नाही."

मी कापलेली बोटं मुठीत लपवली.

"आधीच्या सोळा जागी?"

"तिथे काही केलं नाही. आईशपथ."

"ते मला कसं कळणार?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. "दोन महिने थंडीत बसून मोजलेलं सगळं आता मी फेकायचं. तुम्ही एकदा तरी मला विचारायचं होतं की मासा कमी निघाला तर पुढे काय. मी सांगितलं असतं. पूर्ण धरण बंद करा असं कोणीच म्हणत नाहीये."

गिरधर, हे मला माहीत नव्हतं. आबांनी बंद म्हटलं आणि आम्ही सगळ्यांनी बंद धरलं. विचारलं कोणीच नाही.

घरी आलो तर वहिनीला बोटं दिसली. तिने हळद लावली, पट्टी बांधली आणि मग विचारलं, कशाने कापलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "धाकला खरं बोलना म्हनून त्याले गावमाईन काढं. आते तुम्हले कोन काढी?" आणि आठ दिवस माझ्याशी तेवढ्याला तेवढं बोलली. जेवायला वाढायची आणि अंगणात जाऊन बसायची.

१७ तारखेला मॅडम परत आली. मी धरून चाललो होतो की करार रद्द करायला आली असेल. ओट्यावर बसली, चहा नको म्हणाली.

"पहिल्यापासून चाळीस जागा परत करायच्या. तुमच्याच होडीने."

"माझ्याच? का?"

"दुसरी होडी घ्यायची तर फॉर्म पुन्हा पहिल्यापासून. माझ्यात तेवढी ताकद नाही." मग म्हणाली, "पण रिपोर्टात मी लिहिणार आहे की ८ जानेवारीला जाळ्यात बाहेरचे मासे घातले गेले, म्हणून आधीच्या नोंदी रद्द. कोणी घातले तेही लिहावं लागेल. चालेल?"

घरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मी म्हणालो, "लिहा."

आज पहिल्या जागेवर परत जाळं टाकलं. दगडखाणीपुढची. भिकनला सगळं सांगितलं. तो शिव्या देईल असं वाटलं होतं, पण त्याने फक्त विचारलं, "त्या बारा रोहूंचं काय केलं?" मॅडमने खड्ड्यात पुरायला लावले, म्हटल्यावर मात्र त्याने शिव्या दिल्या.

निंबा

३ मार्च २०२५

गिरधर,

चाळीस जागा झाल्या. सकाळ-संध्याकाळ, सुट्टी न घेता, रोज एक. परवा शेवटचं जाळं काढलं.

मॅडमने ओट्यावर बसून मला, भिकनला आणि तुझ्या वहिनीला सगळं समजावलं. दहा माशांतले सात चिलापी, तेही पोरसवदा. दोन किलोच्या वरचे मासे सगळ्या धरणात मिळून अकरा. तिने भिंगाखाली खवला दाखवला, झाडाच्या खोडाला असतात तशा त्यावर रेषा असतात, त्यावरून वय कळतं. बहुतेक मासे वर्षाच्या आतले. अंडी घालायच्या वयाला पोचायच्या आतच आपण त्यांना काढतोय. बारीक आसाच्या जाळ्यांनी. नाल्याच्या तोंडाशी सगळ्यात जास्त.

त्यावर तिचं म्हणणं एवढंच: बारीक जाळी कायमची बंद, आणि नाल्याकडचा उत्तरेचा भाग दोन वर्षं बंद. बाकीचं धरण उघडं.

वहिनीने माझ्याकडे बघितलं. मॅडमला समजेना की आम्ही तिघं एकमेकांकडे असे का बघतोय. मी तिला सांगितलं, की सहा वर्षांपूर्वी माझा भाऊ सोसायटीचा सेक्रेटरी होता. त्याने अर्ज केला होता की नाल्याच्या तोंडाशी बारीक जाळी टाकतात, ती थांबवा. अधिकारी आले, अकरा जाळी जप्त करून नेली. त्यातली तीन माझी. मग सोसायटीने त्याला सभासदत्वावरून काढलं आणि तो बायकोला घेऊन जळगावला गेला.

"त्याच्याकडे आकडे होते?" तिने विचारलं.

"नव्हते. त्याला दिसत होतं."

एक गोष्ट तिला सांगितली नाही. ती तुला सांगायची आहे. तुला काढायचा ठराव जीवराम आबांनी वाचला, आणि तू इतकी वर्षं त्यांना दोष देत असशील. त्या कागदावरचं अक्षर बघितलं असतंस तर तुला कळलं असतं. तो ठराव मी लिहून दिला होता. 'घरभेदी' हा शब्दही माझाच. आबांनी तो गाळायला सांगितला होता. मी गाळला नाही.

आता तू हे पत्र फाडलंस तरी चालेल, पण आधी तारीख वाच. १६ मार्च, रविवार, सकाळी अकरा, सोसायटीच्या हॉलमध्ये सर्वसाधारण सभा. मॅडमच्या शिफारशीवर मतदान आहे. तुला मत नाही. तरी कळवतोय.

निंबा

१८ मार्च २०२५

गिरधर,

तू काय माणूस आहेस? सभेला आलास, दाराशी उभा राहिलास आणि घरी न येता चालता झालास. वहिनीने काय काय केलं होतं तुला कल्पना नाही. तू येशील हे तिला कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. तरी केलं होतं.

तू नक्की कधी आलास ते मला माहीत नाही, म्हणून सगळंच लिहितो. मॅडमने आकडे वाचले. कोणी ऐकत होतं, कोणी तंबाखू मळत होतं. मग आबा रिपोर्ट घेऊन उठले आणि त्यांनी बरोबर ते पान काढलं. "यात लिहिलंय, निंबा भोई याने जाळ्यात बाहेरचे मासे घातले. अशा माणसाच्या होडीवरची मोजणी आपण खरी मानायची? होडी भाड्याची, आकडेही भाड्याचे!" हॉल हसला.

मी उठलो.

"आबा, मासे मी घातले. एकदा घातले आणि पकडलो गेलो. त्यानंतर चाळीस जागा पहिल्यापासून केल्या. ज्याला संशय असेल त्याने उद्या माझ्या होडीत बसावं, पाहिजे ती जागा सांगावी, मी जाळं टाकतो. राहिली एक गोष्ट. मासे घाल म्हणून सांगायला माझ्या ओट्यावर कोण आलं होतं ते तुम्ही सांगता, की मी सांगू?"

आबा बसले. त्यांच्याबरोबर आलेल्या दोघांपैकी एक उठून बाहेर गेला, तो तुझ्या बाजूनेच गेला असेल.

मग मी तुझ्याबद्दल बोललो, की सहा वर्षांपूर्वी तू हेच सांगत होतास. तू असल्याचं मला खरंच माहीत नव्हतं, तुझ्या पोरांची शपथ. माहीत असतं तर जीभ उचलली नसती. ठराव कोणी लिहिला होता तेही सांगितलं. मागे बायकांत कोणीतरी "अगं बाई" म्हणालं.

चौतीस विरुद्ध एकोणतीस. उत्तरेचं पाणी दोन वर्षं बंद. बारीक जाळी बंद.

लगेच मी म्हणालो, गिरधरचं सभासदत्व परत करा. तर आबा म्हणतात, विषयपत्रिकेवर नाही! म्हणजे तू अजून बाहेरच. पुढच्या सभेत विषय घ्यायला अर्ज लागतो, अर्जाला सात सह्या लागतात. सह्या मी आजच घेतल्यात, नऊ झाल्या. भिकनने दोनदा केली, म्हणजे आठ.

भिकननेच मला सांगितलं, "गिरधर दाराशी व्हता ना, आते गया." मी मोटारसायकल काढली ती थेट दोंडाईचा स्टेशनवर. तू भुसावळकडच्या गाडीची वाट बघत बाकावर बसला होतास. केस किती पांढरे झाले रे तुझे. मी वाटेत किती काय काय ठरवलं होतं बोलायचं. आणि तू तोंड उघडलंस ते काय, तर "दोन वर्षं कमी आहेत."

ना राम राम, ना कसा आहेस!

"कमी कशी?" मी म्हणालो.

"कटला अंडी घालायला तिसरं वर्ष लागतं. दोन वर्षांनी उघडाल आणि अंडी घालायच्या तोंडावरच काढाल सगळे."

"तीन वर्षं बंद म्हटलं असतं तर चौतीस काय, चार मतं पडली नसती! इथे राहून बघ, लोकांना कसं तयार करावं लागतं ते."

"इथे राहू कोणी दिलं?"

त्यावर मी जोरात बोललो. तूही जोरात बोललास. फलाटावरची सगळी माणसं बघत होती, चहावाल्याने किटली खाली ठेवली. गाडी आली, तू चढलास आणि खिडकीशी येऊन परत तेच, तीन वर्षं, तीन वर्षं. गाडी सुटली तरी मी सोबत चालत भांडत होतो. फलाट संपला म्हणून थांबलो.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "भांडनात? मंग बरं." आणि कधी नव्हे ती हसली.

आता मुद्द्याचं. तू चुकीचा आहेस हे सिद्ध करायला मी काल मॅडमला फोन केला. विचारलं, कटला किती वर्षांचा झाला की अंडी घालतो? ती म्हणाली, "आपल्याकडे शक्यतो तिसऱ्या वर्षी. मी तीनच लिहिणार होते, पण दोन तरी मंजूर होतील म्हणून दोन लिहिलं. का हो?"

मी "काही नाही" म्हणालो आणि फोन ठेवला.

म्हणजे परत तुझंच बरोबर. हे आता मी त्या त्रेसष्ट लोकांना कोणत्या तोंडाने सांगू? आबांना कसं सांगू? नाही, मी नाही सांगणार. मी एकदा उभा राहिलो तेवढं पुरे. पुढची सभा एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आहे, तुझा विषय पहिला ठेवलाय. सभासद हो, पुढे ये आणि तुझी तीन वर्षं तूच माग. मी विरोधात बोलणार आहे. मत कुणाला देईन ते विचारू नकोस.

निंबा